मायग्रेशन फसल्यास काय करावे : वऱ्हाडातील वेब डेव्हलपरांसाठी अधिकृत कार्यपद्धती

लॅराव्हेलमध्ये नवा प्रकल्प उभा करावा, मायग्रेट ही आज्ञा द्यावी आणि स्क्रीनवर लाल पट्टी यावी. अमरावतीच्या राजापेठेत, दुसऱ्या मजल्यावरच्या कुठल्याही सॉफ्टवेअर ऑफिसात यानंतर एक ठरलेला विधी सुरू होतो. तो यथासांग पार पडावा म्हणून ही कार्यपद्धती. उदाहरणादाखल सर्वांत नामांकित दोष घेतला आहे : क्रमांक १०७१, ‘की फार लांब आहे, कमाल मर्यादा ७६७ बाइट’.

साहित्य : एक लॅपटॉप, एक कूलर (मे महिन्यात दोन), अकोल्याचे एक दालमिलवाले शेठ, आणि शेठनी भाच्याच्या सांगण्यावरून घेतलेले स्वस्त होस्टिंग, ज्यावर मायएसक्यूएल ५.६ आहे. हा शेवटचा जिन्नस जुनाच हवा. ५.७.७ किंवा पुढची आवृत्ती असेल तर हा दोष सहसा उगवतच नाही आणि दिवस फुकट जातो.

पायरी १. एरर वाचू नये. काय बिघडले, कुठल्या टेबलात बिघडले, हे तीत सरळ लिहिलेले असते. वाचली तर काम चहा येण्याआधी संपेल आणि शेठना बिल कशाचे लावायचे, हा प्रश्न उरेल. त्यापेक्षा तीच आज्ञा पुन्हा द्यावी, या वेळी एंटर जरा जोरात दाबून.

पायरी २. आता एरर बदलेल : १०५०, ‘यूजर्स टेबल आधीपासूनच आहे’. ही प्रगती समजावी आणि शेठना तसे कळवावे. वास्तविक झालेले एवढेच असते की पहिल्या खेपेला टेबल तयार झाले, त्यावर ईमेलची युनिक की बसवताना काम अडले आणि मायग्रेशन्सच्या वहीत नोंद झालीच नाही. मायएसक्यूएल टेबल बनवण्याची आज्ञा जागच्या जागी पक्की करून टाकते. पुढे काही फसले तरी ती मागे घेत नाही. पोस्टग्रेस घेते, पण पोस्टग्रेस त्या होस्टिंगवर नसते. परिणामी फ्रेमवर्कच्या हिशेबी टेबल नाही, डेटाबेसच्या हिशेबी आहे.

पायरी ३. एवढ्यात शेठचा फोन येईल. ‘‘काहो भाऊ, आपल्या अमरावती-अकोल्याच्या रोडवर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झालं, गिनीजमदी नाव आलं, अन् तुमचं येक टेबल बनून नाही राह्यलं?’’ जून २०२२ चा हा विक्रम खरा आहे, त्यामुळे वाद घालू नये. शांतपणे सांगावे, ‘‘शेठ, हे रोडचं काम नाही, अकोला-अकोट रेल्वेचं हाय.’’ मीटर गेज २०१७ साली बंद झाले, ब्रॉडगेजवरून अकोटपर्यंत गाडी धावायला २०२२ उजाडले आणि खांडव्याकडचा पुढचा मार्ग मेळघाटच्या वाघांपाशी अडला. जुने उखडले, नवे अर्ध्यात आणि मागे फिरायची सोय नाही. अकोल्याचा माणूस यावर दुसरा प्रश्न विचारत नाही.

पायरी ४. आता सिनियरला बोलवावे. सिनियर गिला वडा खाऊन येतील, स्क्रीनकडे न पाहता म्हणतील, ‘‘फ्रेश मार ना बे! कायले टेन्शन घेतं?’’ मायग्रेट फ्रेश ही आज्ञा डेटाबेसातली सगळी टेबले पाडून पहिल्यापासून बांधते. स्वतःच्या लॅपटॉपवर ती उत्तम. शेठच्या सर्व्हरवर मात्र तुरीच्या तीन हंगामांची उधारी पडून असते, आणि ती वसूल झालेली नसते. लॅराव्हेल तिथे ‘खरेच चालवायचे का?’ असे विचारते. त्यावर विचार न करता ‘यस’ लिहिण्याची प्रथा आहे, ती मोडावी.

पायरी ५ (ऐच्छिक). दोष समजून घ्यावा. मायएसक्यूएलचा जुना यूटीएफ८ अक्षरसंच एका वर्णासाठी जास्तीत जास्त ३ बाइट धरत असे. २५५ वर्णांचा कॉलम म्हणजे ७६५ बाइट. मर्यादेच्या आत, जेमतेम. देवनागरीचे त्यात भागत होते. ‘अकोला’ १५ बाइटांत मावते, ‘अमरावती’ला २१ लागतात, विभागाचे मुख्यालय असल्याने सहा जास्तीचे. चौथा बाइट लागतो तो इमोजीला. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या लॅराव्हेल ५.४ ने यूटीएफ८एमबी४ हा चार बाइटांचा संच मुळातच स्वीकारला, आणि २५५ गुणिले ४ म्हणजे १०२० झाले. कॉलममध्ये प्रत्यक्षात काय लिहिले जाणार, हे इंडेक्स पाहत नाही. तो सर्वांत वाईट शक्यता धरून जागा मागतो. थोडक्यात, नावापुढे हात जोडलेला इमोजी लावणाऱ्या एखाद्या अडत्यासाठी साऱ्या जिल्ह्याचे मायग्रेशन अडते.

पायरी ६. इलाज. ॲपसर्व्हिसप्रोव्हायडर फाइलच्या बूट फंक्शनमध्ये स्कीमाची डिफॉल्ट स्ट्रिंग लांबी १९१ करावी. १९१ गुणिले ४ म्हणजे ७६४. मग अर्धवट राहिलेले यूजर्स टेबल उघडून ते रिकामे असल्याची खात्री करावी, तेवढेच पाडावे आणि मायग्रेट चालवावे. १९१ वर्णांत न मावणारा ईमेल घेऊन कोणी आलाच, तर त्याला नवीन ईमेल काढून देणे स्वस्त पडते. पक्का इलाज मात्र मायएसक्यूएलची आवृत्ती वाढवण्याचाच आहे. त्यासाठी भाच्याशी बोलावे लागेल. ते काम सिनियरकडे सोपवावे.

पायरी ७. बिल. एका ओळीचे बिल कोणी देत नाही. म्हणून ‘डेटाबेस संरचनेचे सखोल पुनरावलोकन’ असे लिहावे. शेठ त्यातून निम्मे कापतील. ते धरूनच आकडा टाकावा.

या सात पायऱ्यांतल्या पहिल्या चार गाळल्या तरी मायग्रेशन चालते. एरर वाचणाऱ्यांचे तसेच चालते. गाळू नये अशी एकच गोष्ट वर कुठे लिहिलेली नाही, कारण ती शून्यावी पायरी आहे : बॅकअप. तो घ्यावा, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहावा, आणि मगच शेठच्या डेटाबेसला हात लावावा.