कासवाच्या मागावर निघणाऱ्या नवशिक्यांसाठी : मुक्काम कुणकेश्वर

आधी खरेदीचं बोलू. झाडाझुडपांच्या नक्षीचं जॅकेट आणि तसलीच टोपी घेतली असेल तर दुकानात परत करा. सिंधुदुर्गातल्या कुणकेश्वरच्या मोकळ्या वाळूवर त्या वेषात तुम्ही लपत तर नाहीच, उलट देवळाच्या पायरीवरूनही ठळक दिसता. वही, पेन्सिल आणि मोजपट्टी पुरे. पेन्सिलच घ्या, खाऱ्या दमट हवेत शाई फुटते.

मोसम साधारण नोव्हेंबर ते मार्च. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूवर चढते, अंडी घालते आणि परत जाते. तिचा माग माणसांनी, गुरांनी, भरतीने पुसायच्या आत तुम्ही पोचायचं. आधी सूर्योदयाचा फोटो, मग कासव, असा क्रम ठेवणाऱ्याला शास्त्रीय परिभाषेत पर्यटक म्हणतात.

माग दिसला? ओरडू नका. डाव्या-उजव्या वल्ह्यांचे ठसे आळीपाळीने पडलेत का, ते पाहा. समोरासमोर जोडीने असतील तर हिरवं कासव असण्याची शक्यता. रुंदी मोजा, लिहा. आता जागा काठीने टोचून बघण्याची अनावर इच्छा होईल, ती आवरा. आत शंभराच्या आसपास अंडी असू शकतात, आणि हा प्राणी १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र म्हणजे अंडी उकरायचा परवाना नव्हे. वन खात्याला कळवा आणि बाजूला व्हा.

गुरू कोण करावा? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ पासून कासवांची राखण उभी केली, ती गावकऱ्यांना हाताशी धरून. एके काळी अंडी काढून नेणाऱ्यांनाही त्यात सामील करून घेतलं. घरटं कुठे असतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तेव्हा रापण ओढणाऱ्या काकांना तुमचं सादरीकरण दाखवू नका. त्यांची जाळी ओढू लागा, मग विचारा.

कुणकेश्वरची महाशिवरात्रीची यात्रा नेमकी पिल्लं बाहेर पडायच्या दिवसांत येते. पिल्लू उजेडाकडे धावतं. समुद्र कुठला आणि खाज्याच्या दुकानाचा दिवा कुठला, त्याला कळत नाही. यात्रेवर भाषण ठोकू नका. दिव्याचं तोंड फिरवायची विनंती करा, खाजं विकत घ्या, आणि कोणता दिवा किती वाजेपर्यंत जळत होता तेही वहीत टाका.

आकडे सुवाच्य काढा. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर ०३२३३ क्रमांकाची पट्टी सापडली. ती लावली होती ओडिशात, २०२१ साली. तुमचा तीन आठासारखा दिसत असता तर पूर्वेचं कासव पश्चिमेला आल्याची बातमी तुमच्याच वहीत बुडाली असती.

सगळ्यात अवघड धडा शून्याचा. बहुतेक पहाटे काहीच दिसणार नाही. नवशिका तेव्हा वही मिटतो. फक्त सापडलेलंच लिहितो. मग दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याला कळत नाही, की त्या पहाटे कासव आलं नव्हतं की तुम्ही अंथरुणात होता. म्हणून तारीख, वेळ, कुठून कुठवर चाललात, आणि पुढे ठसठशीत शून्य.

हे लिहिताना कोणीतरी थांबून विचारेलच :

“काय गावला?”

“काही नाही.”

“मगे लिवतास काय?”

“तेच.”

याहून लांब उत्तर देऊ नका. उजाडतंय, आणि अर्धा किनारा अजून चालायचा आहे.