नमुना

काकांना आमच्या सोसायटीत कुणी नावानं हाक मारत नाही. समोर 'काका', पाठीमागे 'तिवरकाका'. एरवी एखाद्याला नावं ठेवायला चार माणसं जमावी लागतात. काका एकटे पुरतात. हे तोंडावर म्हटलं तरी रागावत नाहीत. "नावं मी ठेवत नाही रे. लोकांनी ठेवलेली तपासतो."

ही खोड नोकरीतली. एका बँकेत ३४ वर्षं ते खातेदारांच्या नावातल्या दुरुस्त्या करत होते. पासबुकात सुलभा, रेशनकार्डावर सुलोचना आणि समोर उभी असलेली बाई सांगतेय की मला सगळे माई म्हणतात. अशा शेकडो माईंना काकांनी प्रतिज्ञापत्रावर एका नावाखाली आणलं. निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या मानपत्रात त्यांच्याच नावातली वेलांटी चुकली होती. काकांनी ती व्यासपीठावरच खिशातल्या पेन्सिलीनं सुधारली आणि मग हारासाठी मान पुढे केली.

अशा माणसानं कांदिवलीच्या चारकोपलाच राहावं. आधी सेक्टर, मग प्लॉट, मग सोसायटी, मग खोली. आम्ही याला पत्ता म्हणतो, काका वर्गीकरण म्हणतात. "कुल, प्रजाती, जाती," असं ते कुरियरवाल्या पोरालाही समजावतात. पोरगं पार्सल ठेवून पळतं.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून काका सकाळी खाडीच्या बाजूला जाऊ लागले. तिथे एक फलक दिसला: 'कांदळवन वाचवा'. दुसरा कुणी असता तर वाचवा किंवा वाचवू नका, पुढे गेला असता. काका थांबले. घरी येऊन पुस्तकं काढली आणि तिसऱ्या दिवशी अर्ज गेला: कांदळ म्हणजे ऱ्हायझोफोरा. सदर ठिकाणी नजर पोचेल तिथवर तिवर आहे, म्हणजे ॲव्हिसेनिया. तरी फलकावरील नाव दुरुस्त करावे. उत्तर आलं नाही. काकांनी स्मरणपत्र पाठवलं. त्यालाही उत्तर आलं नाही, पण तोवर काका पुरते चिखलात उतरले होते.

तिवर ओळखायची त्यांची एक रीत आहे. पान तोडायचं आणि चाटायचं. कांदळ खारं पाणी मुळाशीच गाळून घेतं, मीठ आत येऊ देत नाही. तिवर आत घेतं आणि पानांवाटे बाहेर टाकतं. "कांदळ म्हणजे खिडकीवरच 'उद्या या' म्हणणारा क्लार्क. तिवर अर्ज घेतं आणि मागाहून शेरा मारून परत पाठवतं," हे काकांचं निरूपण. एकदा पहाटे ते असंच पान चाटत असताना शेजारच्या इमारतीचा वॉचमन काठी घेऊन आला. त्यालाही काकांनी एक पान चाटायला लावलं. आता तो लांबूनच नमस्कार करतो. काकूंचं म्हणणं वेगळंच आहे: "अख्ख्या उपनगराचं सांडपाणी जातं त्या खाडीत. आणि ह्यांना माझ्या आमटीत मीठ जास्त लागतं!"

तिवराच्या नावाची कुंडली काकांना तोंडपाठ आहे आणि ती ऐकल्याशिवाय लिफ्ट तळमजल्यावर पोचत नाही. लिनियसनं प्रजातीला नाव दिलं ॲव्हिसेनिया, ते इब्न सिना या हकिमाचं. पण आपल्या खाडीतलं जे नेहमीचं तिवर, ॲव्हिसेनिया मरिना, त्याचं पहिलं बारसं केलं लिनियसच्याच एका शिष्यानं. फोर्स्कॉल त्याचं नाव. अरबस्तानात हे झाड पाहून, तिथल्या 'शूरा' या नावावरून, त्यानं वेगळीच प्रजाती थाटली. डेन्मार्कच्या राजानं पाठवलेल्या मोहिमेत तो होता आणि १७६३ साली येमेनमध्येच तापानं गेला. मोहिमेतले सगळे एकामागून एक गेले, एकटा नीबुर उरला. "आणि तो उरलेला कुठे आला माहितीय?" इथे काका लिफ्टचं दार पायानं अडवतात. "मुंबईला! १७६३ साली. वर्षाहून जास्त राहिला. मेलेल्या मित्राची टिपणं त्यानंच १७७५ मध्ये छापून काढली. म्हणजे बघ, ज्या झाडाचं नाव छापायचं होतं, त्या झाडांच्या गावात हा माणूस राहून गेला!" वरून कुणीतरी लिफ्टसाठी ओरडतं.

पुढे १९०७ साली व्हियरहापर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं हे झाड ॲव्हिसेनियात आणून बसवलं. तेव्हापासून शास्त्रीय नावामागे आधी कंसात फोर्स्कॉल आणि मग कंसाबाहेर व्हियरहापर येतो. हा कंस काकांना इतका आवडला की पुतणीच्या लग्नपत्रिकेच्या मसुद्यात त्यांनी तो घातला. ज्यानं पहिलं नाव दिलं तो कंसात, ज्यानं नव्या घरी नेलं तो बाहेर. नवऱ्या मुलाकडचे वाचून गप्प बसले. मुलीचा बाप मात्र पत्रिका छापखान्यात जाईपर्यंत स्वतःला कंसात पाहून हळवा होत होता.

घर बदलण्यावरून आठवलं. कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीच्या वनस्पतिग्रंथात, तिवर साग कुलात होतं. साग, निर्गुडी, तिवर असं भरलं घर. काहींना ते पटेना, त्यांनी तिवराला स्वतंत्र बिऱ्हाड करून दिलं. मग डीएनए तपासणारे आले. त्यांनी तिवर उचलून वासक कुलात टाकलं, अडुळसा, अबोली, कोरांटीच्या पंगतीत. गंमत अशी की साग कुलात आता सागही नाही, तो तुळशीकडे राहायला गेला. ज्याच्या नावाची पाटी, त्यानंच घर सोडलं. घाणेरी मात्र तिथेच आहे. हे वाचलं त्या रात्री काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सावरले, कारण वासक कुलात कारवीही आहे हे लक्षात आलं. पूर्वेला नॅशनल पार्कच्या डोंगरात कारवी, पश्चिमेला खाडीत तिवर, दोघं चुलत भावंडं. कांदिवली पूर्व आणि पश्चिम यांच्यात एवढं सलोख्याचं नातं मी तरी प्रथमच ऐकलं. राज्य सरकारनं २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष केलं, तेव्हाही काकांनी पेढे वाटले. चिप्पीवर त्यांचं प्रेम नाही. पण ती आणि राज्यपुष्प ताम्हण दोन्ही मेंदी कुलातली निघाली. "एकाच घरात दोन पदं," काका म्हणाले. "महाराष्ट्रात हे चालायचंच."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमचं तिवर अडुळशाच्या नात्यातलं. खोकल्याला चालेल का?" काका त्या दिवशी दोनदा फिरायला गेले.

अधूनमधून ते लोकल पकडून धोबीतलावला सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमची वारी करून येतात. तिथे कागदांवर वाळवून चिकटवलेली झाडं असतात. परतल्यावर आवाज खाली आलेला असतो. "नाव झाडाला नसतं रे," ते सांगतात. "एका नमुन्याला असतं. एक वाळकी फांदी, एक कागद, खाली सही. भांडण झालं की तो नमुना काढायचा, बाकी सगळं प्रतिनाम." कांदिवली हे नाव कांदळावरून आलं असं सेक्रेटरी एकदा गणपतीच्या भाषणात म्हणाले. आरती थांबवून काकांनी विचारलं, "नमुना आहे?"

गेल्या वर्षी नातू झाला. सून माहेरहून येईस्तोवर दोन महिने त्याला घरीदारी 'गोट्या' म्हणत होते. बारशाला 'अद्वैत' ठरलं, तेव्हा शेजारच्या आजींनी काकांना पेचात पकडलं. "तुमच्यात आधीचं नाव खरं ना? मग गोट्याच!" काका हसले. वर्षभर या चेंडूची वाट पाहत असावेत. वनस्पतींची नावं १ मे १७५३ पासून धरतात. लिनियसच्या ग्रंथाची तीच तारीख मानली आहे. त्याआधीची कितीही सुंदर असोत, बाद. "बारसं म्हणजे आमचा १ मे," काका म्हणाले. महाराष्ट्र दिनाला ते झेंडावंदन करून लगेच घरी का पळतात आणि श्रीखंड का मागतात, याचा उलगडा मला तेव्हा झाला. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, पाठीत बुक्के खाल्ले. काकांनी वहीत लिहिलं: गोट्या, बारशापूर्वीचे, अग्राह्य.

जन्माचा दाखला हातात आला तेव्हा त्यावर होतं 'अद्वेत'. घरात रडारड. काका मात्र दहा वर्षांनी तरुण झाले. मूळ अक्षरं बदलायची नाहीत, पण मुद्रणदोष सुधारायचा, वनस्पतींच्या नावांच्या नियमावलीचं कलम साठ. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल, खिशात पेन्सिल. सोबत म्हणून मला घेतलं.

खिडकीवर विशीतली मुलगी होती. तिनं अर्ज वाचला, काकांचं आधारकार्ड घेतलं, पॅनकार्ड घेतलं, पेन्शनचं ओळखपत्र घेतलं आणि तिन्ही शेजारीशेजारी मांडली. काका कौतुकानं बघत होते; तेही असंच मांडायचे.

"आजोबा, आधारवर तुमच्या नावात एक ए आहे, पॅनवर दोन. आणि ह्या तिसऱ्यावर आडनाव आधी. यातले नक्की तुम्ही कोण?"

३४ वर्षं जो प्रश्न काकांनी इतरांना विचारला, तो प्रथमच त्यांच्याकडे आला होता. मागे रांग चुळबुळत होती. काकांनी घसा साफ केला.

"ही सगळी प्रतिनामं, बाळ. नमुना एकच आहे."

"मग तो नमुना जोडा ना अर्जाला."

"जोडायचा कसा? हा काय, तुझ्यासमोर उभा आहे."

मुलीनं चष्म्यावरून एकदा काकांकडे पाहिलं, एकदा पेन्सिलीकडे.

"हो," ती म्हणाली, "ते दिसतंच आहे."