जलपर्णीचे साठ-चाळीस

पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांत सहकार्य नाही, असे म्हणणाऱ्यांनी मुळा नदीचा काठ नीट पाहिलेला नाही. दोन्ही हद्दी जोडणारा वाकड-बालेवाडी पूल नदीवर उभा राहिला आणि बालेवाडीकडच्या जोडरस्त्याची जागा ताब्यात येईना म्हणून वर्षानुवर्षे वाहनांविना पडून राहिला. एवढा संयम एकट्या महापालिकेला झेपला नसता. जलपर्णीचेही तेच. पिंपरी-चिंचवडमधून आलेली पवना दापोडीपाशी मुळेला मिळते, मुळा पुढे मुठेच्या संगमाकडे जाते. वाटेत दोन महापालिका आणि खडकी कॅन्टोन्मेंट. उन्हाळ्यात पात्र हिरवेगार झाले आणि काठच्या सोसायट्यांत डास घुसले, की जो तो हद्दीचा नकाशा उघडतो आणि जलपर्णी वरून वाहत आल्याचे सिद्ध करतो. तिला पोसणारे मैलापाणी मात्र कोणत्याच नकाशात सापडत नाही.

यावर तज्ज्ञांचा ठरलेला उपाय म्हणजे डोक्यावर एक मोठे प्राधिकरण. तेही करून झाले. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आले. अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. त्यांनी नदीकाठच्या सांगवीच्या डासांची जातीने दखल घ्यावी, ही अपेक्षा अंमळ जास्तच. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीही दिली आहे, आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडायचे आहेत. म्हणजे एकत्र बसायची सोय आहे. पण बसल्यावर खिशात हात कोणी घालायचा, हे तिथे ठरत नाही, आणि आपला बंधुभाव नेमका बिल आल्यावर आटतो.

म्हणूनच दोन्ही शहरांच्या सामाईक बससेवेकडे, पीएमपीकडे, बघावे. २००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक झाल्या; संचलनातली तूट पुण्याने साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवडने चाळीस टक्के सोसायची, असे ठरले. तोट्यातली संस्था आदर्श कशी, असे कोणी विचारील. तोटा आहेच, पण त्यात कोणाचा वाटा किती, हे आधीच लिहिलेले आहे. म्हणून कात्रजहून निगडीला निघालेली बस हद्दीवरच्या हॅरिस पुलावर प्रवासी उतरवून शेजारच्या महापालिकेच्या हवाली करत नाही. स्वायत्ततेवर घाला येईल, ही भीतीही फोल. बस एक झाली म्हणून कोणाचा महापौर कमी झाला नाही. तेव्हा जलपर्णी, मैलापाणी आणि जोडरस्ते यांचेही वाटे कामाआधीच ठरवावेत: ज्याचे मैलापाणी जितके, त्याचा खर्च तितका. टक्केवारीचा हिशेब आपल्याकडे कोणाला शिकवावा लागत नाही. या खेपेस तो उघड ठरावात लिहायचा, एवढेच.