भरल्या पोटाचा फोन

चांदे-नांदे ही नावं आमच्याकडे एका दमात घेतली जातात. त्यातल्या नांदे गावात, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, 2015 सालचा एक फोन निवृत्त होऊन बसला आहे. सिम कधीच काढलं. आता त्याला काम दोनच: घड्याळ दाखवायचं आणि आईला वाय-फायवरून आकाशवाणीची भक्तिगीतं ऐकवायची. नोकरी चोवीस तासांची, म्हणून चार्जरही चोवीस तास लावलेला. ओसरीवर बसलेल्या आजोबांना येता-जाता प्रत्येकानं लाडू द्यावा, तसा.

वर्षभरानं एके सकाळी त्याचं मागचं झाकण उचललेलं दिसलं. आत बॅटरी पुरीसारखी टम्म. आईनं चष्मा सारखा करून पाहिलं. "पोट फुगलंय याचं. ओवा चालतो का रे?"

ओवा चालत नाही, पण निदान बरोबर होतं. नदीपलीकडे हिंजवडीत कामाला असलेल्या भाच्यानं तेच जरा महागड्या शब्दांत सांगितलं. "मामा, लिथियमला भरल्या पोटी बसून राहणं सोसत नाही. शंभर टक्क्यांना ती 4.2 व्होल्टवर ताणून असते. वर तुमचं खिडकीतलं ऊन. आतलं रसायन विघटतं, गॅस धरतो. टोचून वगैरे बघू नका, पेट घेईल. चाळीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवायची." बऱ्याच नव्या फोनना ऐंशीवर थांबायची अक्कल कारखान्यातूनच येते. आमचा जुन्या वळणाचा. ताटात येईल ते संपवणारा.

या बॅटऱ्यांसाठी 2019 साली तिघांना नोबेल मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. आडनावाचा अर्थच मुळी 'पुरे एवढं'. पंगतीत पानावर आडवा हात धरणारा माणूस बॅटरीच्या मुळाशी असावा आणि ते आम्हाला कळू नये!

भाच्यानं आधी जालीम उपाय केला. बॅटरीच काढून टाकली आणि चार्जरच्या पाच व्होल्टचे एका चिमुकल्या सर्किटनं चार करून थेट फोनच्या पितळी टोकांना दिले. तरी फोन उठेना. मधल्या टोकावरून तो बॅटरीला ताप आहे का विचारतो म्हणे, आणि उत्तर आलं नाही की रुसतो. तिथं एक रेझिस्टर बसवून खोटंच 'बरी आहे' सांगितलं. मग उठला.

तीन दिवस छान चालला. चौथ्या दिवशी लाईट नुसती मिचकली आणि फोन गेला. ती तर आमच्याकडे ढग दिसला तरी मिचकते. मुळशीच्या धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करतं, ती जाते मुंबईला. ज्या धरणासाठी 1921 साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, ते आमच्याच तालुक्यातलं. असो. दरवेळी बटण दाबून फोनला उठवायचं काम आईकडे आलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "पोटच काढून ठेवलंत, तर तो उभा कशावर राहील?"

शेवटी नवी बॅटरी आणली आणि प्लगला टायमर लावला. दर चार तासांनी पाऊण तास. आईच्या शुगरच्या डॉक्टरांनी तिलाही हेच वेळापत्रक दिलंय. ती पाळत नाही, फोन पाळतो.

परवा गुरुवारी लाईट गेली. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला, आणि वाय-फाय गेल्यामुळं अभंगही चरणाच्या मध्येच तुटला. फोन मात्र जागा होता: 61 टक्के, दहा वाजून चार मिनिटं. आईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, मेथीची जुडी पुढं ओढली आणि उरलेला चरण स्वतःच म्हणून टाकला.