गायनसेवेची कोलकाता पद्धत

कोलकात्याच्या वृद्धाश्रमांत हौसेने, फुकट गायला जाणारा माणूस स्वतःला स्वयंसेवक समजतो. तिथल्या मासिमा आणि मेशोमशाय, म्हणजे मावश्या आणि काका, त्याला परीक्षार्थी समजतात.

याला कारण आहे. पंकज मल्लिक १९२९पासून सत्तरच्या दशकापर्यंत कोलकाता आकाशवाणीवर ‘संगीत शिक्षार आसर’ चालवीत आणि रविवारी सकाळी घरोघरच्या श्रोत्यांना गाणी शिकवीत. आज ऐंशीच्या घरातल्या कित्येक मासिमांनी लहानपणी रेडिओला कान लावून ती गाणी वहीत उतरवलेली असतात. त्यातला कोमल निषाद कोणी शुद्ध लावला, की गुडघेदुखी विसरून हात वर होतो. शिवाय रवींद्रनाथांची गाणी दोन हजारांवर आणि त्यांची स्वरलिपी साठाहून अधिक खंडांत छापलेली. म्हणजे चुकायला भरपूर वाव, आणि चूक दाखवायला पुरावाही छापील.

पेटी न्यावी की नाही, हा नाजूक प्रश्न. रवींद्रनाथांना ती आवडत नसे. १९४०मध्ये आकाशवाणीने तिला हद्दपार केले आणि पुढची तीसेक वर्षे स्टुडिओत थारा दिला नाही. हा इतिहास मेशोमशाय सविस्तर सांगतात आणि मग पेटी जरा जवळ ओढायला सांगतात. कीबोर्ड नेणाऱ्याने मात्र जपून असावे. गायक देवव्रत विश्वासांच्या रवींद्रसंगीतात वाद्ये फार झाली, असा रवींद्रनाथांच्या विश्वभारतीच्या संगीत मंडळाचा आक्षेप होता. तो वाद अजून मिटलेला नाही, निदान वृद्धाश्रमांत तरी नाही. कीबोर्डची वायर लावेपर्यंत दिवाणखान्यात दोन तट पडतात.

वेळ संध्याकाळी पाचची उत्तम. त्याआधी भातावरची झोप आणि त्यानंतर दूरदर्शनवरील मालिका, या दोहोंशी स्पर्धा करू नये. पंचवीस बैशाखला, म्हणजे रवींद्रजयंतीला तर जाऊच नये. त्या दिवशी एकाच आश्रमात तीन मंडळे तेच गाणे घेऊन येतात आणि श्रोते तुलनात्मक अभ्यास करतात.

वयाबरोबर आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, म्हणून खालची पट्टी हिताची. श्रवणयंत्र मुळात बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेले असते. गाण्यात ते अधूनमधून शिट्टी मारते. शिट्टी सुरात लागली, तर गायकाने तिला साथ मानावे. बेसूर लागली, तर दोष गायकाकडेच येतो.

गाण्यांच्या निवडीत नवखे हटकून फसतात. म्हातारी माणसे म्हणून ते भजने बसवून नेतात. माणसाला जन्मभर आठवतात ती मुख्यतः विशी-पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी, आणि ऐंशीच्या मासिमांची विशी साठच्या दशकात होती. त्यामुळे दोन भजने सोशिकपणे ऐकून त्या ‘सप्तपदी’ चित्रपटातले (१९६१) मोटारसायकलवरचे गाणे मागतात. ते हेमंत मुखर्जी आणि संध्या मुखर्जी यांचे द्वंद्वगीत. स्वयंसेवक एकटा असल्यास संध्याबाईंचा भाग सभागृह उचलते आणि चित्रपटाचा नायक उत्तमकुमार याच्याविषयीच्या जुन्या तक्रारी त्या निमित्ताने वर येतात. आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यावर ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या ख्रिस्ती भगिनी १८८२पासून वृद्धांना सांभाळत आहेत. अशा ठिकाणी अँग्लो-इंडियन आजी-आजोबा असतील, तर रवींद्रनाथ बाजूला ठेवून जिम रीव्ह्जची इंग्रजी गाणी तयार ठेवावीत.

मराठी स्वयंसेवकाची अडचण निराळी. त्याच्या बंगालीतला प्रत्येक ‘अ’ श्रोते दुरुस्त करतात, म्हणून त्याने ‘मी डोलकर’ गाणे श्रेयस्कर. ते लताबाईंबरोबर हेमंतकुमारांनी गायले आहे, आणि हेमंतकुमार म्हणजे कोलकात्याचे हेमंतदा, वरचे हेमंत मुखर्जीच. एवढे कळल्यावर सभा शांतपणे ऐकते. मात्र गाणे कोळ्यांचे आहे हे सांगितले, की मासा कोणता, असा प्रश्न येतो. पापलेटचे नाव निघताच इलिश माशाची बाजू मांडायला चार मेशोमशाय एकदम सरसावतात आणि त्या संध्याकाळपुरते गायन संपते.