उघडून तर बघू

मॉनिटर बंद पडला की घरातले बाकीचे हळहळतात. हा माणूस हळहळल्यासारखं करतो. "गेला वाटतं," असं जड आवाजात म्हणतो खरा, पण तेवढ्यात त्याचा हात खिशातल्या टेस्टरवर गेलेला असतो.

हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत तो सापडतो. वसमतला तो कृषी सेवा केंद्राचा हिशेब लिहितो, कळमनुरीला शाळेवर आहे, सेनगावला झेरॉक्सचं दुकान चालवतो, औंढ्याला नागनाथाच्या वाटेवर नारळ-प्रसाद विकतो, आणि खुद्द हिंगोलीत तर दर दोन गल्ल्यांआड एक आहे. शिक्षणाचा आणि वस्तू उघडून बघण्याच्या या नादाचा काही संबंध नाही. दहावीला विजेचा धडा त्याने ऑप्शनला टाकला होता. आपण त्याला सर म्हणू. नाव माहीत नसलेल्या, शर्ट इन केलेल्या माणसाला मराठवाड्यात सरच म्हणतात.

सरांना हा नाद लागतो तो छताच्या पंख्यापासून. ऐन मे महिन्यात पारा बेचाळिसाला टेकतो आणि नेमका तेव्हाच पंखा रुसतो. बटण दाबलं तरी फिरत नाही; झाडूच्या दांड्याने ढोसला की नाइलाज झाल्यासारखा फिरू लागतो. दुकानदार न बघताच सांगतो, "कंडेन्सर गेला असंल. अडीचचा टाका." अडीच म्हणजे अडीच मायक्रोफॅरड, हे सरांना पुष्कळ उशिरा कळतं. त्याला दोन वायरी असतात. कोणती कुठे जोडायची हा प्रश्नच नाही. पंख्याच्या कंडेन्सरला सुलटंउलटं नसतं. सर स्टुलावर चढतात, वायरी पिरगाळतात, वर चिकटपट्टी गुंडाळतात. पंखा गरगरतो. बायको म्हणते, "बरं झालं बाई, मिस्तरीचे पैसे वाचले."

घात होतो तो या वाक्याने.

पुढे शेतातली सिंगल फेजची मोटर नुसती हूं करते आणि पाणी उचलत नाही. तिथेही कंडेन्सरच निघतो. दोन ठिकाणी हात घातला, दोन्ही ठिकाणी यश आलं. आता सरांची खात्री पटते की जगात जे काही बंद पडतं ते कंडेन्सरपायीच. ज्या जिल्ह्यात नामदेवांची नरसी आहे त्या जिल्ह्यात सगळ्या वस्तूंत एकच तत्त्व बघण्याची परंपरा जुनी आहे, पण नामदेवांनी त्यासाठी कुणाचा मिक्सर उघडला नव्हता.

आणि मग मॉनिटर येतो. तो बहुधा एमएस-सीआयटीचा एखादा क्लास बंद पडला तेव्हा स्वस्तात आणलेला असतो: चपटा, काळा, कडेला कुणीतरी चिकटवलेला गणपती. लक्षणं ठरलेली असतात. खालचा दिवा लुकलुकतो, पडदा दोन सेकंद उजळतो आणि डोळा मिटतो. सरांनी मोबाइलवर हिंदीतला एक व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यातल्या माणसाने अकरा मिनिटांत मॉनिटर जिवंत केला होता. सर रविवार धरतात.

पहिली अडचण अशी की मॉनिटरला स्क्रूच दिसत नाहीत. स्टँडखाली लपलेले एकदोन काढले तरी पुढची चौकट हलत नाही, कारण ती प्लॅस्टिकच्या खाचांत अडकवलेली असते. पेचकस घातला की ओरखडे पडतात. सर स्वयंपाकघरात जाऊन पातळ पात्याचं उलथनं घेऊन येतात. फटीत घालून हळूच पिळतात. "कट्."

"अहो, काय मोडलं?"

"काही नाही. तो आवाज यायलाच पाहिजे."

चौकटभर फिरेपर्यंत असे पंधराएक कट् होतात. त्यांतले यायला पाहिजेत असे किती, हे सर कधी सांगत नाहीत. "सकाळपासून काय करायलात?" या प्रश्नालाही उत्तर मिळत नाही आणि दुपारी पोळ्या उलथायला उलथनं मिळत नाही.

आत हिंगोलीची धूळ, एक वाळलेलं पालीचं पिल्लू आणि पत्र्याच्या पेटीत पिवळट सर्किट. त्यावर कंडेन्सरच्या लहान-मोठ्या नळकांड्या उभ्या असतात. बहुतेकांची डोकी सपाट. दोघांची मात्र टम्म फुगलेली, आणि एकाच्या डोक्यावरच्या खाचेतून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर येऊन सुकलेलं. त्या क्षणी सरांचा चेहरा बघावा. मुलाचा निकाल लागला तेव्हाही तो इतका उजळला नव्हता. ते घरातल्या सगळ्यांना बोलावतात, टॉर्च धरतात आणि दाखवतात: डोक्यावर फुलीसारखी खाच मुद्दामच पाडलेली असते, आतला वायू कोंडला तर तिथून निघावा, बॉम्बसारखा फुटू नये म्हणून. घरातले "हो का" म्हणतात आणि निघून जातात.

इथे सरांची बाजू घेतलीच पाहिजे, कारण निदान बरोबर असतं. 1999 पासून 2007 च्या आसपासपर्यंत या नळकांड्यांची जगभर साथच आली होती. तैवानमधल्या काही कारखान्यांच्या मालात आतलं रसायन सदोष होतं. ते ॲल्युमिनियमला खाई, हायड्रोजन सुटे आणि दहा वर्षं टिकायचा माल दोन वर्षांत फुगे. अमेरिकेतल्या नामांकित कंपन्यांचे कॉम्प्युटर यात लाखांनी गेले. जपानी कंपनीचं गुपित कुणीतरी पळवलं, पण अर्धवट पळवलं, असं तेव्हा छापून आलं होतं. लोणच्याची कृती चोरावी आणि मिठाचं माप तेवढं शेजारणीच्या वहीत राहावं, तसं. सरांना ही हकीकत फार आवडते. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तोही 1 मे 1999 ला. जिल्हा आणि ही साथ एकाच वयाची आहेत असं ते सांगतात, आणि या दोन्हींचा संबंध काय असं विचारलं की चहा मागवतात.

नवा कंडेन्सर आणायला जाणं हा वेगळाच सोहळा असतो. सर चिठ्ठी घेऊन जातात: 1000 मायक्रोफॅरड, 16 व्होल्ट, 105 डिग्री. दुकानदार काउंटरखालची बरणी उपडी करतो.

"हा 85 डिग्रीचा आहे," सर चष्मा वर करून म्हणतात.

"काही होत नाही सर. समदे हेच नेतेत."

होतं. दहा डिग्री उष्णता वाढली की या वस्तूचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा त्या धंद्यातला साधा हिशेब आहे, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात बंद खोलीतला मॉनिटर आधीच तापलेला असतो. व्होल्टचा आकडा वरचा चालतो, खालचा नाही. म्हणून सर 25 व्होल्टचा घेतात आणि घरी आल्यावर कळतं की तो बोटभर उंच आहे, झाकण बसत नाही. मग नांदेड. तिथेही नसला तर हैदराबादेतली कोठी, कारण निजामाचं राज्य 1948 ला गेलं तरी सुट्या भागांसाठी हिंगोलीकराची पावलं अजून तिकडेच वळतात. काचीगुड्याच्या गाडीत कुणी भाच्याच्या मुंजीला चाललेला असतो, कुणी दवाखान्याला. सर दोन नळकांड्यांसाठी चाललेले असतात. येताना मल्टिमीटर, सोल्डर ओढायचा पंप आणि पन्नास कंडेन्सरांचं पाकीट आणतात. "सुटे महाग पडतात," हे त्यावरचं स्पष्टीकरण.

आता डाख द्यायचा. पंचवीस वॅटची सोल्डरिंग गन तापते, राळेचा धूर निघतो, पूजेच्या खोलीतून "कापूर कुणी लावला?" अशी विचारणा होते. जुना कंडेन्सर निघता निघत नाही. सर एका पायाचं सोल्डर वितळवतात तोवर दुसरं थिजतं. दुसरीकडे जातात तोवर पहिलं थिजतं. मग ते ओढतात, आणि पायाबरोबर सर्किटवरची तांब्याची टिकली उपटून येते. नवशिक्याची हीच खूण आहे. मुरलेला मेकॅनिक आधी नवं सोल्डर घालतो, म्हणजे जुनं सैल होतं. सरांना हे नंतर कळतं. तेवढ्यात लाइट जाते. गन निवते. लाइट येते. गन तापते. पुन्हा जाते. एका डाखाला अख्खी दुपार कशी लागते, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगून कळणार नाही.

आणि इथे पंख्याचं यश आडवं येतं. पंख्याच्या कंडेन्सरला दिशा नव्हती. याला आहे. अंगावरचा पांढुरका पट्टा मायनसचा, आणि तो सर्किटवरच्या खुणेशी जुळावा लागतो. सरांनी काढण्याआधी फोटो घेतला होता, पण त्यात नेमका अंगठा आलाय. ते अंदाजाने लावतात, वायर खुपसतात आणि बटण दाबतात.

फट्!

सुदैवाने सर तेव्हा वाकलेले नसतात. खोलीभर कागदाचे बारीक कपटे तरंगतात, वास असा सुटतो की मांजर पळून जातं, आणि शेजारचे आबा भिंतीवरून विचारतात, "कामून हो सर, काय फुटलं?"

"काही नाही आबा, टेस्टिंग चालूय."

एका गोष्टीत मात्र सर विनोद चालवून घेत नाहीत. मेन लाइनपाशी आडवा पडलेला एक जाडजूड कंडेन्सर असतो, 400 किंवा 450 व्होल्टचा. घरातली 230 व्होल्टची वीज त्याच्यात सव्वातीनशे व्होल्ट होऊन साठते आणि प्लग काढल्यावरही बसून राहू शकते. सरांनी त्याला एकदा पेचकस टेकवून बघितला होता. त्या पेचकसाचं टोक आज अर्धचंद्राकृती आहे. तेव्हापासून ते प्लग काढून चहा पिऊन येतात, मग शंभरच्या बल्बच्या दोन वायरी त्याला टेकवून तो रिकामा करतात, वर मल्टिमीटर लावून बघतात, आणि त्यानंतरच हात घालतात. आणि जुना, फुगीर पाठीचा मॉनिटर असेल तर ते उघडतच नाहीत. त्याच्या काचेपाशी वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, हे ऐकल्यापासून "तो आपला विषय नाही" असं नम्रपणे सांगतात. त्यांच्या तोंडून हे वाक्य दुसऱ्या कशाबद्दल ऐकू आलेलं नाही.

याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर, गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगोची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्राने एप्रिल 2023 मध्ये तिला 2600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो कळावा अशी मोजणी. सर त्या रस्त्याने जाताना गाडी हळू करतात. तिथल्या शास्त्रज्ञांकडे ते व्यवसायबंधू म्हणून पाहतात. "एवढी यंत्रं म्हणजे कंडेन्सर किती असतील!" असं म्हणून घरी येतात आणि खाटेखाली हरवलेला मॉनिटरचा स्क्रू झाडूने चाचपत बसतात. तो सापडत नाही. जोडून झाल्यावर उलट दोन शिल्लक राहतात. "कंपनीवाले जास्तीचेच लावतेत."

आणि मग एके रात्री तो चालू होतो. दिवा लुकलुकत नाही, स्थिर राहतो. पडदा उजळतो आणि दोन सेकंद, दहा सेकंद, मिनिट झालं तरी उजळलेलाच राहतो. मधोमध एक चौकोन तरंगू लागतो: "नो सिग्नल." सर सगळ्यांना उठवतात. मुलं डोळे चोळत येतात. सिग्नल देणारा सीपीयू कुठे आहे, असा प्रश्न निघतो. तो दिवाळीच्या साफसफाईत बायकोने भंगारात दिलेला असतो, कारण मॉनिटर नसताना तो ठेवून करायचं काय? पण सरांना त्याचं काही नसतं. खुर्ची ओढून ते समोर बसतात, आणि तो चौकोन डावीकडून उजवीकडे जातो, परत येतो, हे मध्यरात्रीपर्यंत बघतात.

खर्च विचारू नये. सर दोन कंडेन्सरांचे पैसे सांगतात. बायको हैदराबादच्या तिकिटापासून सुरू करते. पण गल्लीत नाव होतं. लोक रेडिओ आणतात, डिश टीव्हीचा डबा आणतात, एका आजीबाईंनी कानाचं यंत्र आणलं होतं. दसऱ्याच्या प्रदर्शनात मुलं आकाशपाळणा बघतात, सर त्याचा स्विचबोर्ड बघतात आणि पाळणावाला सरांवर नजर ठेवतो.

माझं मत विचाराल तर हा माणूस गावात असावा. तुमच्या घरी मॉनिटर मरून पडला असेल तर सरांना जरूर द्या. भंगारवाला किलोवर नेतो, सर चहावर घेतात, आणि फुगलेलं डोकं दिसलं तर बऱ्याचदा तो चालूही होतो. फक्त देताना सीपीयू जपून ठेवा, उघडण्याआधीचा फोटो स्वतः काढा, आणि सर घरी येणार असतील त्या दिवशी चालू मिक्सर कपाटात ठेवून कुलूप लावा.