सहा बोटांचा सांता आणि सोवळ्यातले पंच

अहो, ऐकलंत का? ‘कॉल ऑफ ड्यूटी’वाल्यांच्या सांताला म्हणे सहा बोटं निघाली! डिसेंबर २०२४ची गोष्ट. त्यांचा ‘ब्लॅक ऑप्स ६’ गेम लोड होताना पडद्यावर सांताच्या वेशातला झॉम्बी झळकायचा. झॉम्बी म्हटल्यावर बोटं गळायला हवीत. ह्याला उलट एक जास्तीचं फुटलेलं! बोटं मोजताना चुकायची खोड एआयचीच, म्हणून पोरांनी लगेच ‘एआय, एआय’ अशी बोंब ठोकली. कंपनी गप्प. मग फेब्रुवारीत स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या पानावर गुपचूप एक ओळ उगवली, की गेममधल्या काही गोष्टींसाठी आम्ही जनरेटिव्ह एआय वापरतो. कोणत्या, ते गुलदस्त्यात. किंमत मात्र पाच बोटांच्या काळातलीच, सत्तर डॉलर!

पोलंडच्या इलेव्हन बिट स्टुडिओजची तऱ्हा तर विचारूच नका. २०२५च्या जूनमध्ये त्यांचा ‘दि ऑल्टर्स’ हा गेम आला. त्यात पार्श्वभूमीतल्या एका स्क्रीनवर भारदस्त शास्त्रीय मजकूर, आणि त्याच्या डोक्यावर एआयचं अदबशीर उत्तर जसंच्या तसं: घ्या, हा सुधारून दिलेला मजकूर! लग्नपत्रिकेवर ‘येथे वराचे नाव घालावे’ तसंच छापून यावं, त्यातली गत. पोर्तुगीज सबटायटल्समध्येही तोच घोळ. खुलासा काय, तर तात्पुरता मजकूर काढायचा राहून गेला आणि भाषांतरकारांना गाठायला वेळ नव्हता. बरं बाई!

पण खरी खमंग गोष्ट फ्रान्सची. तिथल्या सँडफॉल स्टुडिओच्या ‘क्लेर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ने डिसेंबर २०२५मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तब्बल नऊ बक्षिसं लुटली. पाठोपाठ ‘इंडी गेम अवॉर्ड्स’नेही दोन दिली, आणि शिव शिव, लगेच परत घेतली! का? तर तिथे एआय चालत नाही, आणि गेम बनवताना जागा अडवायला म्हणून वापरलेली एआयची काही चित्रं गेमबरोबर बाहेर पडली होती. काही दिवसांतच काढली, पण सोवळं मोडलं ते मोडलंच. त्यातून प्रवेशाच्या वेळी ‘आम्ही एआय वापरलं नाही’ असं सांगितलेलं. पंचांचा राग त्यावर असेल तर तो मला पटतो. विसरून राहिलेल्या चार चित्रांवर असेल तर मात्र जरा अतिच झालं. सर्वोत्तम गेमचा मान गेला ‘ब्लू प्रिन्स’कडे.

आणि एपिक ह्या गेम कंपनीचे प्रमुख टिम स्वीनी म्हणतात, गेमच्या दुकानात एआयची पाटी लावायचीच कशाला, पुढे सगळेच वापरणार! साहेबांच्याच ‘फोर्टनाइट’मध्ये मे २०२५ला एआयच्या आवाजातल्या, सिनेमातल्या खलनायक डार्थ व्हेडरने खेळाडूंच्या नादाने शिव्या हासडल्या होत्या. आवाज कुणाचा? आदल्या वर्षी वारलेल्या नट जेम्स अर्ल जोन्सचा. घरच्यांची परवानगी होती हो. पण कलाकारांच्या संघटनेने तक्रार ठोकलीच.

मला विचाराल तर वापरा खुशाल, पण लपवू नका, आणि हाताने काढल्याचा भाव लावू नका. स्टीमवर जानेवारी २०२४पासून एआयचा खुलासा द्यावा लागतो. तो पानावर बराच खाली असतो. पैसे भरण्याआधी तेवढं खाली जाऊन वाचा.